ठोसा आधी, आवाज मागून

प्रेमानंद गजभिये यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. नागपूरच्या इंदोऱ्यात अशी घरं पुष्कळ. त्यामुळे त्यांची ही गोष्ट मला काही त्यांनी सांगितली, काही त्यांची बायको हर्षा हिने सांगितली आणि बरीचशी भिंतीतून आपोआप ऐकू आली.

प्रेमानंदभाऊंचा आवाज मूळचाच मोठा. कळमन्याच्या फळबाजारात भैयाजी नावाच्या अडत्याकडे ते हर्रास बोलायचे. समोर संत्र्यांचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं कोंडाळं आणि मध्ये उलट्या क्रेटवर उभे प्रेमानंदभाऊ. लिलावात नुसतं ओरडून भागत नाही. कोण बोली वाढवतोय, कोणाची मान हलली, कोणी गर्दीच्या टोकाला उभं राहून बोट वर केलं, हे सगळं नजरेत धरावं लागतं. ते भाऊंना छान जमायचं. मालाची तारीफ तर अशी करायचे की ज्याचं संत्रं त्या शेतकऱ्यालाही वाटावं, आपल्या बागेत इतकं गोड पिकतं आणि आपल्यालाच ठाऊक नाही!

एका हंगामात कडेला उभ्या असलेल्या व्यापाऱ्यांची बोटं त्यांच्या नजरेतून सुटायला लागली. एकदा एक जण चिडून पुढे आला. म्हणाला, "मी काय भूत आहो का गा? कधीचा हात वर करून राहिलो!" भाऊंना तो खरंच दिसला नव्हता. भैयाजींनी त्याच दुपारी त्यांना स्कूटरवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. या रोगात समोरचं दिसत राहतं आणि कडा गुपचूप जातात. माणसाला कळतं तोवर बरंच हातचं गेलेलं असतं. औषधं झाली, ऑपरेशन झालं. तरी पुढच्या दोनेक वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

भैयाजींनी त्यांना सोडलं नाही. "डोळे गेले, गळा तर आहे ना?" असं म्हणून त्यांनी भाऊंना फोनचं काम दिलं. रोज सकाळी नरखेड, काटोलकडच्या बागवाल्यांना फोन करून आजचा भाव काय, माल कधी आणावा, ते सांगायचं. ते काम भाऊ अजून करतात. पण ते सकाळीच संपतं. हर्षा सदरमधल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावते, ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मधला सगळा दिवस भाऊ पलंगावर बसून पंख्याची घरघर ऐकत.

अशात हर्षाच्या धाकट्या भावाला, प्रशिकला, पुण्यात नोकरी लागली. तिथली खोली लहान, म्हणून त्याने आपला टीव्ही आणि गेमचा कन्सोल बहिणीकडे आणून ठेवला. एका रविवारी जाण्याआधी तो शेवटचं खेळत बसला होता. मारामारीचा गेम होता, दोन जण समोरासमोर उभे राहून एकमेकांना बुकलतात तसला. भाऊ शेजारी बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आता तुमचा माणूस उडी मारून उजवीकडे गेला ना?"

प्रशिकने खेळ थांबवला. "भाऊजी, तुम्हाले कसं समजलं?"

"उडीचा आवाज वेगळा आहे ना. आन् पाय टेकले तवा आवाज उजव्या बाजूनं आला."

प्रशिकने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर महिनाभर भिंतीपलीकडून नुसत्या ठोशांचे आणि लाथांचे आवाज. भाऊ प्रत्येक माणसाची प्रत्येक चाल कानाने पाठ करत होते. वरून येणारी लाथ कशी वाजते, जमिनीलगतची कशी, फेकून देण्याआधी तो पहिलवान कसा हुंकारतो. इंटरनेटवरून जगातला कोणीही समोर खेळायला येतो म्हणे. समोरच्याला काय माहीत, नागपुरातला हा गडी पडद्याकडे बघतच नाही? भाऊ पहिल्यांदा जिंकले तेव्हा त्यांनी एवढी आरोळी ठोकली की मी हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत गेले. मला वाटलं, पडले!

खेळताना गप्प बसणं त्यांना जमतच नव्हतं. "आला, आला, लाथ घेऊन आला! ही घ्या एक! ही घ्या दोन! तिसरी कोण घेते? कोणीच नाही? गेला!" प्रशिकने हे फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "भाऊजी, हे लोकायनं ऐकलं पायजे. तुम्ही स्ट्रीम करा." म्हणजे आपण खेळत असताना तो खेळ आणि आपली बडबड इंटरनेटवर थेट दाखवायची. त्यासाठी त्याने पुण्याहून एक लहानशी डबी पाठवली, कॅप्चर कार्ड नावाची. कन्सोलची तार डबीत घालायची. डबीतून एक तार टीव्हीला जाते आणि दुसरी कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरला माइक जोडायचा. हर्षाने घरच्या कॉम्प्युटरवर ते सगळं बसवलं आणि रविवारी सकाळी भाऊ लाइव्ह झाले.

पहिल्यांदा सात-आठ जण होते, त्यात आम्ही शेजारीच निम्मे. मग हळूहळू वाढले. नरखेडच्या बाजूचे वामनराव म्हणून एक जुने बागवाले आहेत. त्यांना सकाळी भाव सांगायला फोन केला तर ते म्हणाले, "भाव राहू दे गा. पयले हे सांग, काल माझ्या पोराच्या मोबाइलवर लाथा विकून राहिला होता तो तूच का?"

भाऊ हे सांगताना इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

एकच तक्रार होती. ऐकणारे लिहीत होते की आवाज दोनदा येतो. बरोबरच होतं, एक आवाज डबीतून जात होता आणि टीव्हीचा आवाज माइकमधून पुन्हा शिरत होता. हर्षाने टीव्हीचा आवाज बंद केला, भाऊंना हेडफोन दिले आणि ते कॉम्प्युटरला जोडले. झालं. ऐकणाऱ्यांना स्वच्छ ऐकू यायला लागलं.

आणि भाऊ हरायला लागले.

थोडंथोडकं नाही, सपाटून. लाथ अडवायला बटण दाबावं तोवर लाथ लागून गेलेली. उडीचा आवाज येतो म्हणून ठोसा मारावा तर समोरचा खाली येऊन मागे पोचलेला. त्यांना आधी वाटलं, सवय मोडली. त्यांनी आणखी सराव केला, तरी तेच. हर्षाने विचारलं तर म्हणाले, डोकं दुखून राहिलं. पुढच्या रविवारी ते लाइव्ह झालेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या दिवसांत एकदा हर्षा कामावर गेल्यावर ते भिंत चाचपडत माझ्या दारात आले. म्हणाले, "मावशी, एक काम करता का? मी घरात जाऊन भिंतीवर हात ठेवतो. तुम्ही इकडून थापा मारा."

मी मारल्या. थोड्या वेळाने ते परत आले. "हाताले लागते तवाच कानाले ऐकू येते," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा काही उजळला नाही. मी विचारलं, काय झालं? तेव्हा उंबऱ्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. "डोळे असेच गेले होते मावशी. पयले कडा गेल्या, मले समजलंच नाही. आता कान तसेच चालले असतील तर मी काय करू? कानावरच तर जगून राहिलो."

हर्षाला सांगू नका, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी शपथ पाळली, पण भैयाजींना मात्र फोन केला. शपथेत भैयाजींचं नाव नव्हतं.

भैयाजी दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "कमी ऐकू येतं का?"

"कमी नाही जी," भाऊ म्हणाले. "उशिरा येते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भाऊंना बंद खोलीत बसवून बारीक, जाड, दूरचे, जवळचे असे सगळे आवाज ऐकवले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुमचे कान फार चांगले आहेत. आणि कान बिघडले तर कमी ऐकतात, अस्पष्ट ऐकतात. असं उशिरा ऐकत नाहीत. आवाजच तुमच्यापर्यंत उशिरा पोचत असेल. हे कुठे कुठे होतं?"

"गेम खेळताना."

"फोनवर? घरात? रस्त्यावर?"

"नाही जी. तिथं कुठंच नाही."

"मग माझ्याकडे काम नाही तुमचं," बाई म्हणाल्या. "त्या मशीनकडे आहे."

भैयाजी परतीच्या वाटेवर स्कूटर चालवता चालवता ओरडत होते म्हणे, "मशीन दोषी, आन् तू कानाले बदनाम करून राहिला!" भाऊ मागे बसून त्यांच्या खांद्याला धरून होते. मला नंतर म्हणाले, "मावशी, त्या बाईले मी नीट धन्यवादही म्हणू शकलो नाही. गळ्यातून आवाजच निघाला नाही. माझ्या गळ्यातून!"

संध्याकाळी हर्षा आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं.  भिंतीतून तिचा आवाज आला. "मले काहून नाही सांगितलं जी?"

"डोळ्याच्या वेळी तू लय रडली होती, वं."

"मंग? तुम्ही एकट्यानं भ्यायचं आन् मी मजेत राहायचं, असं ठरलं होतं का आपलं?"

 हर्षाने चहा केला, मला हाक मारून बोलावलं आणि भाऊंचे हेडफोन आपल्या कानाला लावले. "खेळा," ती म्हणाली. भाऊ खेळायला लागले, ती टीव्हीकडे टक लावून बघत राहिली. थोड्याच वेळात तिने मांडीवर हात मारला.

"अवो, तो पडला, आन् मंग ठोसा वाजला! ठोसा आधी, आवाज मागून!"

तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे तर चित्रही मागेच होतं. टीव्हीवर माणूस पडून उठायला लागला की कॉम्प्युटरवर तो पडत होता. मग तिच्या ध्यानात आलं. डबीतून टीव्हीकडे जाणारी तार सरळ जाते. कॉम्प्युटरकडे जाणारा खेळ मात्र आधी डबीत गोळा होतो, तिथून कॉम्प्युटरमध्ये, तिथून सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा थांबत येतो. बघणाऱ्याला त्याचं काही नाही. तो टीव्हीवर बघून खेळतो, आवाज जरा मागे राहिला तरी निभावून नेतो. भाऊंना निभावून न्यायला दुसरं काही नव्हतंच. टीव्ही खेळणाऱ्यासाठी आणि कॉम्प्युटर ऐकणाऱ्यांसाठी, आणि आपण त्यांना ऐकणाऱ्यांत बसवलं, असं हर्षा म्हणाली.

तिने हेडफोनची पिन आधी कंट्रोलरला लावली. भाऊंना आवाज वेळेवर आला, पण कॉम्प्युटरकडे जाणारा आवाजच बंद झाला. कन्सोलने सगळा आवाज हेडफोनला देऊन टाकला. मग प्रशिकला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, टीव्हीच्या मागे पाय. हेडफोनचं भोक असन. आन् टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू कर, तो टीव्ही चित्र-आवाज सजवत बसते, त्यातबी वेळ जाते." हर्षाने टीव्हीचा बंद केलेला आवाज पुन्हा चालू केला, गेम मोड लावला, टीव्ही फिरवला, धूळ पुसली, पिन घातली. टीव्हीचा भोंगा आपोआप गप्प झाला, म्हणजे माइकमध्येही काही शिरणार नव्हतं.

भाऊंनी एक बटण दाबलं. मग तेच पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

"काय झालं?" हर्षाने घाबरून विचारलं.

"बोटाखालीच वाजून राहिलं वं," ते म्हणाले. आणि त्यांनी कंट्रोलर खाली ठेवून दोन्ही हातांनी आपले कान धरले, लहान मूल धरतं तसे. हर्षा त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी माझा कप उचलून घरी आले.

रविवारी भाऊ पुन्हा लाइव्ह झाले आणि ओळीने तीन जणांना लोळवलं. सगळे खूश. पण त्या दिवशी नंदिनी नावाच्या एका बाईंचा संदेश आला. भाऊंचा फोन आलेले संदेश वाचून दाखवतो, तसा त्याने वाचला. "दादा, तुमची बोली मला फार आवडते. मी जन्मापासून बघू शकत नाही, अमरावतीला गाणं शिकवते. एक सांगू का? आज तुम्ही 'गेला' म्हणता आणि ठोसा त्यानंतर ऐकू येतो. आधी असं नव्हतं. तालात असलेलं गाणं एकदम बेताल झाल्यासारखं वाटतं. राग मानू नका."

भाऊंनी राग कुठला मानायचा! ते विचारात पडले. आधी नव्हतं, मग आताच कसं? हर्षाला मात्र लगेच उमगलं. हेडफोन कॉम्प्युटरला होते तेव्हा भाऊ स्वतःच उशिराचा आवाज ऐकून बोलत होते, म्हणून त्यांचं बोलणं लोकांना मिळणाऱ्या उशिराच्या खेळाशी जुळत होतं. आता ते वेळेवर ऐकतात आणि वेळेवर बोलतात. माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये झटकन पोचतो, खेळ मागून येतो.

"मंग मी उशिरा बोलू का?" भाऊंनी विचारलं.

"तुम्ही कायले? तुमचा आवाज थांबवते ना मी."

सॉफ्टवेअरमध्ये माइकचा आवाज थोडा रोखून धरायची सोय असते. किती रोखायचा तो आकडा आपण टाकायचा, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. तो आकडा शोधायला त्यांनी एक युक्ती केली. भाऊ कंट्रोलर माइकजवळ धरून बटण दाबत. बटणाची टकटक माइकमधून जाई आणि मेनूचा 'टिंग' डबीतून. हर्षा ते रेकॉर्ड करून भाऊंना ऐकवी. पहिल्यांदा 'टक' आणि 'टिंग' यांच्यात चांगलं अंतर होतं.

"अजून थांबव," भाऊ म्हणत. "अजून. आता जास्ती झालं, टिंग पुढं गेलं. थोडं मागं घे."

छापखान्यात अक्षरं केसभर इकडेतिकडे सरकवायची हर्षाला सवय होतीच. ती आकडा सरकवत राहिली, ते ऐकत राहिले. मला दोन्हींत काही फरक कळेनासा झाला तरी त्या दोघांचं चाललंच होतं. शेवटी भाऊंनी हात वर केला. टक आणि टिंग मिळून एकच आवाज झाला होता. हर्षाने एकदा चित्रही तपासलं. ते खेळाच्या आवाजाबरोबर एकाच डबीतून येत होतं, त्यामुळे जुळलेलंच होतं.

"आता लोकायले सगळंच उशिरा दिसन ना?" भाऊंनी विचारलं.

"दिसू द्या. सगळे मिळून उशिरा आले तर कोणाले समजते?"

पुढच्या रविवारी खेळ सुरू करण्याआधी भाऊंनी लोकांना थोडं थांबायला सांगितलं. म्हणाले, मले काही जणांचे आभार मानायचे आहेत. भैयाजींचं नाव घेतलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंचं घेतलं. त्या ऐकत नसतील, तरी घेतलं. प्रशिकचं, माझं आणि माझ्या थापांचं घेतलं. नंदिनीताईंचं घेतलं आणि म्हणाले, "चूक सांगणारा माणूस भेटणं हे मोठं भाग्य आहे. बाकीचे आयकून चूप बसले असते." मग हर्षाचं नाव घ्यायची वेळ आली आणि हा हर्रास बोलणारा माणूस अडखळला. शेवटी एवढंच म्हणाला, "आन् हर्षा. तिचे आभार मी घरी मानतो."

त्या दिवशी पहिल्याच लढतीत ते हरले. मला वाईट वाटलं, पण ते खुशीत होते. म्हणाले, "मावशी, हे हरणं माझं आहे. उडी मले वेळेवर ऐकू आली होती. मीच चुकीचं बटण दाबलं. किती बरं वाटून राहिलं सांगू!"

नंदिनीताईंनी नंतर फोन करून विचारलं, मला शिकवाल का? असले खेळ आपल्यासाठी नसतातच असं त्यांना आजवर वाटत होतं. त्यांच्या भाच्याकडे कन्सोल होता. भाऊंनी फोनवरून त्यांना एकेक आवाज ओळखायला शिकवला. गाणाऱ्या बाई, त्यांनी तो झपाट्याने उचलला. कोणता हुंकार कुठल्या सुरात आहे, हे त्या भाऊंनाच सांगायला लागल्या. भाऊंना सुरांतलं काही कळत नाही, तरी ते "हो हो" म्हणतात.

आता महिन्यातून एका रविवारी ते दोघं एकमेकांविरुद्ध खेळतात. लोक आवर्जून ऐकायला येतात, वामनराव तर बागेतली कामं उरकून बसतात म्हणे. परवाच्या रविवारी मी तिथेच चहा पीत बसले होते. नंदिनीताईंच्या पहिलवानाने भाऊंच्या पहिलवानाला उचलून असं आपटलं की भाऊ खुर्चीत मागे झाले.

"ताई, हे कवा शिकल्या तुम्ही?"

फोनमधून नंदिनीताईंचं हसू आलं. "काल रात्रभर रियाज केलाय, दादा."

"चला मंग," भाऊ म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी कंट्रोलर हातात घट्ट धरला. "अजून एक डाव होऊन जाऊ द्या."